सहजीवन म्हणजे काय? 'सिंबायोसिस' शब्दाचा अर्थ, वापर आणि आपल्या शिवारातली उदाहरणं



'सिंबायोसिस' हा शब्द उच्चारला की आपल्या जालना जिल्ह्यातल्या बऱ्याच मुलांच्या डोळ्यांसमोर पुण्यातलं कॉलेज उभं राहतं. बारावीनंतर कुठं जायचं याची चर्चा घरात सुरू झाली की हे नाव कुणीतरी काढतंच. पण हा शब्द मूळचा जीवशास्त्रातला आहे, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बघायला पुण्याला जायची गरज नाही. भोकरदनपासून परतूरपर्यंत कुठल्याही गावात, सोयाबीनच्या शेतात खाली वाकून बघितलं तरी चालतं. आज आपण हा शब्द नीट समजून घेऊ. परीक्षेत तर तो येतोच, पण घरच्या शेतीच्या हिशोबातही तो येतो, हे पुढे तुमच्या लक्षात येईल.

शब्दाचा अर्थ

ग्रीक भाषेत 'सिन' म्हणजे सोबत आणि 'बायोस' म्हणजे जीवन. दोन्ही मिळून सोबतीनं जगणं. मराठीत आपण त्याला 'सहजीवन' म्हणतो. भाषांतर चांगलंच आहे, फक्त एक अडचण आहे. मराठीत सहजीवन हा शब्द आधीपासून नवरा-बायकोच्या संसारासाठी वापरतात. 'सहजीवनाची पंचवीस वर्षे' असं लग्नाच्या वाढदिवसाच्या फलकावर तुम्ही वाचलं असेल. त्यामुळे मुलं उत्तरपत्रिकेत 'एकत्र प्रेमानं राहणे म्हणजे सहजीवन' असं लिहून मोकळी होतात.

जीवशास्त्रातला अर्थ वेगळा आहे. दोन वेगवेगळ्या जातींचे जीव एकमेकांच्या अगदी निकट, बराच काळ राहतात, आणि त्या राहण्याचा त्यांच्या जगण्यावर परिणाम होतो, तेव्हा त्याला सहजीवन म्हणतात. म्हणजे मेंढरांचा कळप हे सहजीवन नाही, कारण सगळी मेंढरंच. मधमाश्यांचं पोळंही नाही. ते समूहजीवन झालं. पण मेंढीच्या पोटातले सूक्ष्मजीव आणि मेंढी, हे मात्र सहजीवन. रवंथ करणाऱ्या जनावराला वाळला कडबा स्वतःहून पचवता येत नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात, ते कडब्यातला चिवट भाग फोडतात. त्यांना ऊब आणि आयतं खाणं मिळतं, जनावराला ताकद मिळते. दावणीला बांधलेला बैल एकटा दिसतो, पण तो एकटा नसतो.

मसाल्याच्या डब्यातून निघालेला शब्द

आता तुमच्या आईला विचारा, काळ्या मसाल्यात काय काय घालतात. धने, खोबरं, लवंग, दालचिनी... आणि दगडफूल. काळपट-राखाडी, कागदासारखं चुरचुरीत. नावात फूल असलं तरी ते फूल नाही, आणि खरं सांगायचं तर ती वनस्पतीही नाही. दगडावर, झाडाच्या सालीवर वाढणारा हा 'शैवाक' आहे. एक बुरशी आणि एक शैवाल यांनी मिळून केलेला संसार. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शैवाल उन्हात अन्न तयार करतं.

दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत शास्त्रज्ञ दगडफुलाला एकच वनस्पती समजत होते. १८६० च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडचे सायमन श्वेंडेनर यांनी सांगितलं की हे दोन जीव आहेत. त्यांनी त्याचं वर्णन मालक आणि गुलाम असं केलं: बुरशी मालक, शैवाल गुलाम. शैवाकांचा अभ्यास करण्यात हयात घालवलेल्या मंडळींना हे अजिबात रुचलं नाही, बरीच वादावादी झाली. पुढे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७८ साली एका व्याख्यानात या प्रकारच्या जगण्याला 'सिंबायोसिस' हा शब्द वापरला, आणि तिथून तो शास्त्रात रुळला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. द बारींच्या व्याख्येत 'दोघांचा फायदा' ही अट नव्हतीच. वेगळ्या जातीचे जीव एकत्र जगतात, एवढंच ते म्हणत होते. फायदा दोघांना होवो, एकाला होवो, नाहीतर एकाचं नुकसान होवो. शाळेच्या पातळीवर मात्र बहुतेक वेळा 'सहजीवी' हा शब्द दोघांच्या फायद्यासाठीच वापरतात. परीक्षेत तुमच्या पुस्तकातली व्याख्या लिहा, गुण तिलाच आहेत. पण पुढे अकरावी-बारावीला गेल्यावर व्याख्या बदललेली दिसली तर गोंधळू नका. अरुंद अर्थ आणि रुंद अर्थ, दोन्ही चालू आहेत.

सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी

आता शिवारात येऊ. आपल्या जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन आणि कपाशी, सोबत तूर, मूग, उडीद. रब्बीला हरभरा, ज्वारी. जुनी माणसं एक शब्द वापरतात: बेवड. आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला जो लाभ होतो तो बेवड. 'तुरीचा बेवड चांगला', 'मुगाच्या बेवडावर ज्वारी जोरात येती' असं तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल. हे त्यांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. कारण मात्र १८८० च्या दशकात कळलं. जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवलं की डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. १८८८ साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी ते जिवाणू गाठींमधून वेगळे काढले. आज आपण त्यांना ढोबळमानानं रायझोबियम म्हणतो.

हवेत नायट्रोजन, म्हणजे नत्र, ७८ टक्के आहे. पीक नत्राच्या समुद्रात बुडालेलं असतं, पण त्यातला कणभरही त्याला थेट घेता येत नाही, कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सुटता सुटत नाहीत. खताच्या कारखान्यात ती जोडी फोडायला चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब. तेच काम मुळावरच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीत, मातीच्या तापमानाला, आवाज न होता चालतं.

पण फुकट नाही. हा मुद्दा बहुतेक लेखांत सुटतो. जिवाणूंना या कामासाठी प्रचंड ऊर्जा लागते आणि ती साखरेच्या रूपानं झाड पुरवतं. पानांनी उन्हात तयार केलेल्या अन्नातला मोठा वाटा खाली गाठींकडे जातो. म्हणून हा देणं-घेणं असलेला व्यवहार आहे. सुरुवातही दोन्हीकडून होते. मुळं मातीत एक प्रकारचं रसायन सोडतात, जिवाणू त्याला स्वतःच्या रसायनानं उत्तर देतात, मग मुळावरचा बारीक केस वाकून जिवाणूला आत घेतो आणि तिथं गाठ तयार होते. जोडी जमली नाही तर गाठ होत नाही. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही, सोयाबीनचा तुरीला नीट चालत नाही. कृषी सेवा केंद्रात जिवाणू संवर्धकाच्या पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं ते यासाठीच. आणि सोयाबीन तर आपल्याकडचं मूळ पीकच नाही. आजोबांच्या तरुणपणी शिवारात ते नव्हतं, म्हणून त्याचा जिवाणूही आपल्या मातीत पहिल्यापासून नव्हता. ज्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच पेरायचं, तिथं संवर्धक न लावता पेरलं तर गाठी नावालाच येतात.

गाठ चांगली चालते की नाही हे कसं ओळखायचं? नखानं किंवा ब्लेडनं कापा. आतून गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद, किंवा अजून सुरूच झालेलं नाही. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा आहे. नत्र फोडणाऱ्या विकराला मोकळा ऑक्सिजन सोसत नाही, पण जिवाणूला श्वास तर घ्यायचाच असतो. म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेतानं सोडतं. वनस्पतीच्या मुळात रक्तासारखा रंग! मला स्वतःला विज्ञानाच्या पुस्तकातल्या कित्येक मोठ्या गोष्टींपेक्षा ही एवढीशी गाठ जास्त थक्क करते.

आणखी एक गंमत ऐका. गाठीत बसून फुकट साखर खाणारा, काम न करणारा जिवाणू निघाला तर? २००३ साली सोयाबीनवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही गाठींभोवतीच्या हवेतून नायट्रोजनच काढून घेतला, म्हणजे जिवाणूंना काम करणं अशक्य करून टाकलं. तेव्हा त्या गाठींमधल्या जिवाणूंची वाढ साधारण निम्म्यावर आली, आणि झाडानं तिकडे जाणारा ऑक्सिजन कमी केल्याची चिन्हं दिसली. काम नाही तर पुरवठा नाही. म्हणून 'सहजीवन म्हणजे मैत्री' असं वाक्य मला फारसं आवडत नाही. मैत्रीत असा हिशोब नसतो.

पिवळं पडलं की युरिया?

सोयाबीन महिनाभराचं झालं आणि पानं पिवळी दिसली की आपल्याकडे पहिला हात युरियाच्या गोणीकडे जातो. गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. अनुदानामुळे ती २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्यामुळे टाकताना हात आखडत नाही. कपाशीला ती लागतेच. पण सोयाबीनला नत्राची शिफारस कपाशीच्या मानानं फारच कमी असते, कारण गरजेचा साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा गाठी भागवतात. वरून भरपूर युरिया पडला की झाड काय करतं? आयतं मिळतंय तर गाठींना साखर कशाला द्यायची! गाठी कमी होतात, असलेल्या मंदावतात. पैसे देऊन आपण फुकटचा कारखाना बंद पाडतो.

आणि पिवळेपणाचं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. काळ्या भारी रानात पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, गाठी गुदमरतात. अशा वेळी पाण्याला वाट करून देणं हा उपाय. रुंद सरी-वरंब्यावर पेरलेलं सोयाबीन जोराच्या पावसात टिकून राहतं, त्यामागे हेही एक कारण आहे. कधी लोहाची कमतरता असते, कधी पिवळ्या मोझॅकचा विषाणू. या दोन्हींवर युरिया चालत नाही. घरी हे बोलताना जरा जपून बोला, 'तुम्हाला कळत नाही' अशा सुरात नको. दोन झाडं उकरून गाठी कापून दाखवा, बोलण्यापेक्षा ते बरं.

बीजप्रक्रियेचा क्रमही सांगून ठेवतो, कारण बरेच जण उलटा करतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू संवर्धक. बियाणं सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. पाकिटातला जिवाणू जिवंत आहे, उन्हात ठेवला की मेला. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेलं पाकीट लावून उपयोग काय?

बेवडाबद्दल एक खुलासा. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनं फार, म्हणजे नत्राचा बराचसा भाग दाण्याबरोबर मोंढ्यात जातो. रानात राहतो तो गळलेल्या पानांचा आणि मुळांचा. भुसकट जाळून टाकलं तर तेही गेलं.

ज्वारीची हाक आणि टारफुला

डाळवर्गीय नसलेली पिकंही एकटी नसतात. ज्वारीच्या मुळांशी एक प्रकारची बुरशी राहते. तिचे तंतू मुळापेक्षा कितीतरी लांब जाऊन स्फुरद आणून देतात, ज्वारी तिला साखर देते. या जोडीला मायकोरायझा म्हणतात. बुरशीला बोलवायला ज्वारीचं मूळ मातीत एक रसायन सोडतं. समजा, ती हाक.

पण हाक कुणीही ऐकू शकतं. टारफुला माहीत आहे ना? ज्वारीत उगवणारं, पांढऱ्या फुलांचं छोटं तण. दिसायला गरीब, पण मुळाखालून ज्वारीला चिकटून रस ओढणारं. त्याचं धुळीसारखं बारीक बी मातीत कित्येक वर्षं पडून राहतं. ते पावसानं उगवत नाही, तर जवळ ज्वारीचं मूळ आलं आणि तीच हाक ऐकू आली की उगवतं. जी हाक सोबत्यासाठी, तीच चोरालाही वाट दाखवते. सहजीवन आणि परजीविता या दोन गोष्टी पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. मातीत त्या इतक्या जवळ असतात. टारफुला जमिनीवर दिसेपर्यंत नुकसान बरंच झालेलं असतं, म्हणून ज्या रानात तो आहे तिथं फुलावर येण्याआधी उपटायचा आणि पिकाची फेरपालट करायची.

परजीवींमध्येही फरक आहे. आंब्यावरच्या बांडगुळाला हिरवी पानं असतात, ते अन्न स्वतः बनवतं, पाणी आणि क्षार मात्र आंब्याचे चोरतं. म्हणून ते अर्धपरजीवी. पिवळ्या दोऱ्यांसारख्या अमरवेलीला पानंच नाहीत, ती सगळंच दुसऱ्याचं खाते. माणसाला 'बांडगूळ' म्हणून शिवी देणाऱ्यांनी खरं तर अमरवेल म्हणायला हवं!

नांगरामागे, नाहीतर हल्ली ट्रॅक्टरमागे फिरणारे पांढरे गायबगळे तुम्ही रोज बघता. त्यांना उकरलेले किडे मिळतात, ट्रॅक्टरला ना लाभ ना तोटा. गाय चरताना मागे फिरतात तेव्हाही गायीला फारसा फरक पडत नाही. याला सहभोजिता म्हणतात. मावा आणि मुंग्यांची जोडी याउलट: मुंग्यांना माव्याचा गोड चिकटा मिळतो, त्या बदल्यात त्या माव्याला शत्रूंपासून राखतात. दोघांचा फायदा, नुकसान आपल्या पिकाचं.

उंबराचं फूल

क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, 'काय, उंबराचं फूल झालात!' उंबराला फुलं असतात, शेकड्यांनी असतात. पण ती आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत बंद असतात. मग परागण कोण करणार? एक इवलीशी गांधीलमाशीच्या कुळातली माशी. मादी टोकाच्या अरुंद भोकातून आत घुसते, घुसताना बहुतेक वेळा तिचे पंख तुटतात. आत ती परागण करते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पिलांपैकी नरांना पंखच नसतात. ते माद्यांशी मीलन करून बाहेर जायची वाट कोरतात. नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. उंबर नसेल तर ही माशी नाही, माशी नसेल तर उंबराला बी नाही. पिकलेलं उंबर फोडल्यावर आत किडे दिसतात म्हणून नाक मुरडू नका, त्यांच्यामुळेच ते झाड आहे.

माणसांसाठी हा शब्द वापरावा का?

वापरतात, आणि कधी फार सुंदर वापरतात. पुण्याच्या सिंबायोसिसचे संस्थापक डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परदेशातून शिकायला आलेली मुलं आणि इथली मुलं यांनी एकमेकांच्या सोबतीनं राहावं, या हेतूनं १९७१ साली त्यांनी संस्था काढली आणि तिला आपल्या विषयातला शब्द दिला. माणसं सगळी एकाच जातीचे प्राणी, तेव्हा काटेकोर अर्थानं हे सहजीवन नाही. उपमा म्हणून मात्र ती शोभते.

उन्हाळ्यात धनगर बांधव आपल्या रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. शेताला लेंडीखत, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे आणि मेंढरांना चारा. इथंही शब्द चालून जातो, कारण पटलं नाही तर पुढच्या वर्षी दोघंही दुसरीकडे जाऊ शकतात.

पण निबंधात मुलं 'बलुतेदारी हे गावाचं सहजीवन होतं' असं लिहितात तिथं मी लाल पेन उचलतो. देवाणघेवाण होती, हे खरं. पण कुणी कुठलं काम करायचं ते जन्मानं ठरलेलं होतं, बलुतं किती मिळणार हे देणाऱ्याच्या हातात होतं, आणि नको म्हणायची सोय काहींना नव्हतीच. गाठीतल्या जिवाणूवर जन्माचा शिक्का नसतो. निसर्गातला शब्द माणसांच्या व्यवस्थेला लावला की ती व्यवस्थाही नैसर्गिक वाटायला लागते. श्वेंडेनर यांनी दगडफुलात मालक आणि गुलाम पाहिले, तशीच ही उलटी गल्लत आहे. वाक्यात हा शब्द वापरण्यापूर्वी एवढं विचारा: दुसऱ्या बाजूचा माणूसही याला सहजीवनच म्हणेल का?

करून बघा

ऑगस्टमध्ये, पेरणीला पस्तीस-चाळीस दिवस झाल्यावर, घरच्यांना विचारून सोयाबीनची पाच झाडं घ्या. झाड ओढून उपटू नका, गाठी मातीतच राहतात. चारी बाजूंनी खुरप्यानं माती मोकळी करा, ढेकळासकट झाड उचला आणि बादलीतल्या पाण्यात हळू हलवून धुवा. प्रत्येक झाडाच्या गाठी मोजा, त्यातल्या दहा कापून किती गुलाबी निघाल्या ते वहीत लिहा. जमलं तर एक झाड पाणी साचलेल्या कोपऱ्यातलं घ्या, एक वरंब्यावरचं, आणि आकडे शेजारी शेजारी मांडा. ज्यांच्याकडे सोयाबीन नाही त्यांनी मूग किंवा उडीद घ्यावा, आणि तोही चुकला तर डिसेंबरात हरभरा आहेच. त्याच्या गाठी गोल नसतात, पंजासारख्या फुटलेल्या असतात.